बेळगाव परिसरात सुगंधी जेनिस्टा लावताना

तुरीच्या फुलाच्याच घडणीची, पण त्याहून उजळ पिवळी फुले ज्याच्या लवलेल्या फांद्यांवर तुऱ्यांनी लगडतात आणि ज्यांचा मधासारखा गोड वास दारातून आत येणाऱ्याला आधी जाणवतो, असे जेनिस्टा नावाचे झुडूप गेली काही वर्षे मी बेळगावात कुंडीत वाढवत आहे. माझी पहिली दोन रोपे जुलै महिन्यातच गेली. उन्हाने ती करपली नव्हती आणि थंडीचा तर तेव्हा प्रश्नच नव्हता. मुळे पाण्यात राहिल्यामुळे ती मेली. म्हणूनच या भागात जेनिस्टा प्रथमच लावणाऱ्यांना पुढे जे सांगितले आहे, त्यातील बहुतेक सगळे या एका गोष्टीभोवती फिरते: पाणी द्यायचे, पण ते मुळांपाशी थांबू द्यायचे नाही.

रोप कोणते, हे आधी पक्के करा

जेनिस्टा हे शेंगावर्गीय झुडूप आहे, म्हणजे तूर, ताग, वाटाणा यांच्याच कुळातले. फुलाला वर उभी पाकळी, दोन बाजूंना दोन पंख आणि खाली होडीसारखा भाग, अशी ही घडण आपल्या शेतकऱ्याला नव्याने समजावून सांगावी लागत नाही. माझ्या कुंडीकडे पाहून शेजारच्या काकूंनी "काय ओ, कुंडीत तूर लावलाय काय?" असे विचारले होते आणि त्यांची नजर कुळाच्या बाबतीत अगदी बरोबर होती. इंग्रजीत या झुडपांना ब्रूम म्हणजे झाडू म्हणतात, कारण आपण शिंदीच्या पात्यांची केरसुणी बांधतो तसे तिकडे यांच्या लवचीक काटक्यांचे झाडू बांधत असत.

नावांचा मात्र मोठा गोंधळ आहे. कुंडीत लावण्याजोगे सुगंधी, नाजूक रोप कधी जेनिस्टा स्पाकियाना, कधी सायटिसस स्पाकियानस, कधी सायटिसस रेसिमोसस, तर कधी नुसतेच स्वीट ब्रूम या नावाने विकले जाते आणि ही सगळी नावे एकाच झुडपाची आहेत. जेनिस्टा कॅनॅरिएन्सिस आणि जेनिस्टा स्टेनोपेटाला या दोन जातींचा तो संकर आहे. याउलट स्पॅनिश ब्रूम आणि स्कॉच ब्रूम ही वेगळी झुडपे असून त्यांचे स्वभावही वेगळे आहेत. ओळख पानांवरून आणि काड्यांवरून करावी. आपल्याला हवे असलेल्या रोपाचे पान तीन लहान पर्णिकांचे, वरून गर्द हिरवे आणि खालून रेशमी लव असलेले असते. स्पॅनिश ब्रूमच्या काड्या लव्हाळ्यासारख्या गोल, गुळगुळीत आणि जवळजवळ पर्णहीन असतात, तर स्कॉच ब्रूमच्या हिरव्या काड्यांवर उभ्या कडा असतात, त्या बोटाला स्पष्ट लागतात. स्कॉच ब्रूम तर मुळीच आणू नये. इंग्रजांच्या काळात निलगिरीत आणलेल्या या झुडपाने तिथल्या डोंगरमाथ्यांवरची गवताळ राने व्यापून टाकली आहेत.

आपले हवामान आणि त्याचे हवामान

या झुडपाचे मूळ घर कॅनरी बेटे. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यालगत अटलांटिक महासागरात असलेली ही बेटे स्पेनच्या ताब्यात आहेत. तिथे उन्हाळा कोरडा जातो आणि जो पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यात. आपल्याकडे नेमके उलटे आहे: हवा उबदार असतानाच जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो आणि हिवाळा कोरडा जातो. उबदार हवेत ओल्या राहिलेल्या मातीत मुळे कुजवणाऱ्या बुरशीला जे हवे असते ते सगळे मिळते, आणि कोरड्या उन्हाळ्याची सवय असलेल्या या झुडपाच्या मुळांपाशी त्या बुरशीला तोंड देण्याची ताकद फारशी नसते.

तरीही बेळगाव शहर या झुडपाला अगदीच परके नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीमुळे आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बऱ्यापैकी थंड असतात, आणि कळ्या धरण्यासाठी जेनिस्टाला सलग काही आठवडे अशाच गार रात्री लागतात. पण जिल्हा एकसारखा नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कुंडीतले झुडूप नीट सांभाळता येते. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस इतका असतो की छपराखालची जागा असल्याशिवाय हा विचार करू नये. अथणी-रायबागकडे पाऊस कितीतरी कमी, पण उन्हाळा कडक. तिथल्या वाचकांना माझे स्पष्ट मत असे की, अंगणात पिवळी फुले हवी असतील तर आपला तरवड लावावा, तो त्या मातीचाच आहे आणि पाण्यावाचूनही फुलतो. जेनिस्टाचा हट्टच असेल, तर दुपारनंतर सावली मिळणारी पूर्वेकडची जागा त्याला द्यावी.

कुंडी आणि माती

जेनिस्टा जमिनीत लावू नये, कुंडीतच लावावे, असे मी या भागापुरते ठामपणे सांगेन. कुंडी उचलून पावसाबाहेर नेता येते. जमिनीतले झुडूप नेता येत नाही. शहापूर, वडगाव, येळ्ळूर या शिवारांची काळी माती भातासाठी आणि मागाहून येणाऱ्या मसुरीसाठी जितकी चांगली, तितकीच ती या झुडपाला घातक आहे, कारण जो ओलावा धरून ठेवण्यासाठी आपण त्या मातीचे कौतुक करतो तोच इथे नको असतो.

कुंडी मातीची, भाजलेली आणि रंग न लावलेली घ्यावी. अशा कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडते आणि आतली माती लवकर सुकते. खानापूरची मातीकामाची परंपरा जुनी आहे आणि तिथल्या कुंड्या या कामाला उत्तम. तळाचे भोक एकच आणि बारीक असेल, तर खिळ्याने हळूहळू टोकरून ते करंगळी जाईल इतके मोठे करावे. हातोडी जोरात मारली तर कुंडी तडकते. भोकावर खापरीचा बाकदार तुकडा पालथा ठेवावा.

मातीचे मिश्रण असे करावे: दोन वाट्या तांबडी माती, दोन वाट्या जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, आणि एक वाटी पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत. वाळू बांधकामाची असेल तर ती धुऊन घ्यावी, कारण तिच्यातली गाळमाती पुढे कुंडीच्या तळाशी थर धरते. शेणखतात ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची पूड मिसळून आठवडाभर ओलसर ठेवल्यास मुळे कुजवणाऱ्या बुरशीला थोडा आळा बसतो. ही पूड कृषी सेवा केंद्रात मिळते. मिश्रण तयार झाले की मूठभर घेऊन ओले करावे आणि घट्ट दाबावे. मूठ उघडल्यावर गोळा बोटाच्या एका टोच्याने विस्कटला तर मिश्रण जमले. लाडवासारखा तसाच राहिला तर आणखी वाळू हवी.

बियांपासून किंवा छाटापासून रोप

तयार रोप मिळाले तर उत्तमच, पण आपल्याकडच्या रोपवाटिकांत ते सहसा दिसत नाही, त्यामुळे बहुतेकांना बियांवरच अवलंबून राहावे लागते. दसरा उलटून पाऊस थांबला की कामाला लागावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उगवणीला लागणारी अठरा ते वीस-एकवीस अंशांची ऊब आपसूक मिळते.

बीचे कवच कडक असते आणि तसेच पेरले तर ते महिनोन्‌महिने मातीत पडून राहते. म्हणून प्रत्येक बी पॉलिश पेपरवर एका बाजूने दोन-चार वेळा हलकेच घासावे, वरची चकाकी गेली की थांबावे. नंतर गरम, पण उकळते नव्हे, अशा पाण्यात घालून पाणी निवू द्यावे आणि बिया त्यातच चोवीस तास ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी ज्या बिया फुगून जवळजवळ दुप्पट झालेल्या दिसतील त्याच पेराव्यात. न फुगलेल्या पुन्हा घासून पुन्हा भिजवाव्यात. पेरणी चहाच्या कागदी कपांत, तळाला भोक पाडून, एका कपात एक बी आणि साधारण अर्धा सेंटिमीटर खोल, अशी करावी. ट्रेमध्ये दाट पेरून नंतर रोपे उपटून लावण्याची मिरची-वांग्याची पद्धत इथे चालत नाही, कारण या कुळातल्या झुडपांना मुळे हलवलेली मुळीच सोसत नाहीत. दोन ते चार आठवड्यांत अंकुर दिसतात. या काळात वरून झारीने पाणी घालू नये. कप थाळीतल्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून उचलून घ्यावेत, म्हणजे कोवळ्या देठांची मर टळते.

एक गोष्ट ध्यानात असावी. मूळ रोप संकरित असल्याने त्याच्या बियांतून येणारी रोपे सगळी सारखी येत नाहीत. एखादे उंच, एखादे झुबकेदार, एखाद्याचा वास कमी. मनासारखे फुललेल्या झुडपासारखेच दुसरे हवे असेल तर छाटच लावावा. त्यासाठी ना कोवळी ना जून अशी आठ-दहा सेंटिमीटरची बाजूची फांदी निवडावी आणि ती कात्रीने न कापता खाली ओढून, मुख्य फांदीच्या सालीचा लहानसा तुकडा, म्हणजे टाच, सोबत येईल अशी तोडावी. टाच मूळ फुटण्याच्या पावडरीत बुडवून निम्मी वाळू आणि निम्म्या कोकोपीटमध्ये लावावी, वरून पारदर्शक पिशवी घालावी आणि कप सावलीत ठेवावा. मुळे फुटायला दीड-दोन महिने लागतात आणि दहांतले तीन-चार छाट जगले तरी मी समाधान मानतो, म्हणून दहा-बारा एकदम लावावेत.

रोप बोटभर उंच झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. न खुडलेले रोप काठीसारखे वर जाते आणि पुढे कितीही छाटले तरी त्याला घेर येत नाही. कपातून चार इंची, तिथून सहा-आठ इंची आणि शेवटी बारा इंची कुंडी, असा हळूहळू पुढे जाणारा क्रम ठेवावा. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावले तर न वापरलेल्या मातीत ओल साचून राहते. कुंडी बदलताना मातीचा गोळा अखंड ठेवावा. अशा वेळी मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर त्यांना रोग समजू नये. सोयाबीनच्या मुळांवर असतात तशाच नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या त्या गाठी असून एखादी नखाने फोडल्यास आत गुलाबीसर रंग दिसतो, तो त्या काम करत असल्याची खूण आहे.

पावसाळ्याचे चार महिने

सगळ्या लेखात हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो सविस्तर लिहितो.

मृगाचा पहिला पाऊस अंगावर येऊ द्यायला हरकत नाही, उलट उन्हाळ्याची धूळ धुतली जाऊन पाने तकाकतात. पण झड लागायच्या आत कुंडी छपराखाली गेली पाहिजे. आपल्याकडे पावसाची झोड नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येते, म्हणून घराच्या पूर्वेकडची पडवी किंवा गॅलरी या कामाला योग्य. कौलारू घर असेल तर कुंडी पागोळ्यांच्या रेषेपासून हातभर आत असावी. थेंब बाहेर पडून उडालेले पाणी कुंडीत येते, हे मी एका वर्षी उशिरा पाहिले. कुंडी दोन विटांवर, मधल्या फटीवर भोक येईल अशी ठेवावी. खाली ताटली ठेवू नये. ज्यांना फरशी खराब होण्याची काळजी आहे त्यांनी ताटलीत खडी भरून त्यावर कुंडी ठेवावी आणि साचलेले पाणी रोज ओतून टाकावे.

या दिवसांत पाणी वाराप्रमाणे द्यायचे नाही. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. आत गार आणि ओलसर लागले तर त्या दिवशी काहीच करू नये. सवय झाल्यावर कुंडी किंचित कलती करून तिच्या वजनावरूनच कळते. जुलैच्या झडीत छपराखालच्या कुंडीलाही पाच-सहा दिवस पाणी लागत नाही. खत तर या काळात मुळीच नको.

मुळे कुजू लागल्याची खूण फसवी असते. झुडूप सुकलेले दिसते, पाने मलूल होऊन खालच्या बाजूने पिवळी पडून गळतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की पाणी कमी पडले. माझ्या पहिल्या रोपाला मी असेच आणखी पाणी घातले होते. ते मेल्यावर कुंडी उलटी केली तेव्हा माती आंबूस वासाची निघाली आणि मूळ चिमटीत धरून ओढताच भिजवलेल्या शेंगदाण्याचे टरफल सुटावे तशी त्याची काळपट साल हातात आली, आत फक्त दोऱ्यासारखी शीर उरली होती. निरोगी मूळ फिकट, टणक असते आणि ओढल्याने सोलत नाही. म्हणून पावसाळ्यात झुडूप मलूल दिसले की झारी उचलण्याआधी माती चाचपावी. माती ओली असेल तर रोप गोळ्यासकट बाहेर काढून वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळून एक रात्र ठेवावे, काळी मुळे स्वच्छ कात्रीने काढावीत, शेंड्याकडची वाढ थोडी कमी करावी आणि कोरड्या नव्या मिश्रणात पुन्हा लावावे. इथे मुळे हलवण्यावाचून इलाज नसतो. निम्मी मुळे शाबूत असतील तर झुडूप वाचण्याची आशा असते.

हिवाळा, कळ्या आणि फुले

नवरात्र संपल्यावर कुंडी पुन्हा मोकळ्या उन्हात आणावी, पण एकदम नव्हे. आठवडाभर सकाळचे ऊन दाखवून मग. दिवसाला किमान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. या वेळी वरची बोटभर माती काढून तिच्या जागी दोन मुठी जुने शेणखत, चमचाभर हाडांचे खत आणि असल्यास चिमूटभर चुलीची राख मिसळून घालावी. युरिया किंवा नत्र जास्त असलेले कोणतेही खत देऊ नये. हवेतले नत्र हे झुडूप मुळांवरच्या गाठींच्या मदतीने स्वतः मिळवते, आणि वरून आणखी दिले तर पाने भरघोस येतात व फुले हुकतात.

डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली म्हणून कुंडी घरात आणण्याची चूक बरेच जण करतात. बेळगावच्या थंडीने या झुडपाला काहीही होत नाही. शून्याजवळची थंडीही ते थोडा वेळ सोसते. रात्रीचे तापमान पंधरा अंशांच्या खाली राहिले तरच कळ्या नीट धरतात, म्हणून कुंडी गच्चीवर उघड्यावरच असू द्यावी. कळ्या धरल्यावर मात्र माती पूर्ण कोरडी होऊ देऊ नये, नाहीतर त्या मोहरीच्या दाण्याएवढ्या असतानाच गळून पडतात. बियांपासूनच्या रोपाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुले येतात. माझ्याकडे ती साधारण फेब्रुवारीत उमलू लागतात. त्या दिवसांत कुंडी दारापाशी आणून ठेवावी, दुपारचे ऊन टाळावे, म्हणजे बहर जास्त दिवस टिकतो.

छाटणी आणि उन्हाळा

बहर ओसरला की, म्हणजे होळी ते गुढीपाडव्याच्या दरम्यान, छाटणी करावी. फुले येऊन गेलेल्या फांद्यांचा वरचा दोन तृतीयांश भाग कापावा, पण हिरवी पाने असलेला भाग थोडा तरी मागे ठेवावा. जुन्या, तपकिरी, पानहीन लाकडात कात्री घातली तर तिथून पुन्हा फूट येत नाही. गुलाबाला करतात तशी खरड छाटणी केलेली झुडपे मी वाळताना पाहिली आहेत.

एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर सावली, सकाळी लवकर पाणी आणि कुंडीभोवती नारळाच्या शेंड्यांचे आच्छादन, एवढे पुरते. या कोरड्या दिवसांत लाल कोळी येतो: पाने निस्तेज, ठिपकेदार होतात आणि खालून बारीक जाळे दिसते. पानांच्या खालच्या बाजूवर जोराने पाणी मारावे, आणि तेवढ्याने न गेल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारावे. कोवळ्या शेंड्यांवरच्या माव्याला आणि फांद्यांच्या बेचक्यांतल्या पिठ्या ढेकणालाही हाच उपाय चालतो. चांगले सांभाळलेले झुडूपही फार दीर्घायुषी नसते, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी चार छाट लावून ठेवावेत.

शेंगांची काळजी

जेनिस्टाच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, विषारी द्रव्ये असतात. शेंगा दिसायला लहानशा मटारासारख्या असल्याने घरात लहान मुले असतील तर फुले सुकताच त्या तोडून टाकाव्यात, आणि छाटलेल्या फांद्या शेळ्या-गुरांच्या तोंडी जाऊ देऊ नयेत. शेजारी गोठा असेल तर तिथल्या माणसांनाही तसे सांगून ठेवावे, कारण हिरवा पाला दिसला की तो गव्हाणीत टाकण्याची आपल्याकडची सवय चांगली असली तरी इथे ती अंगाशी येईल.

शेंगा तोडण्याचे दुसरेही कारण आहे. वाळलेली शेंग तडकून पीळ घेते आणि बिया लांब उडवते. त्या कडक कवचाच्या बिया मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. फ्रेंच ब्रूम हे याच जेनिस्टा गटातले झुडूप कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात असेच रानभर पसरले आहे. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याचे रान आपल्या उशाशी आहे, तेव्हा जांबोटी, कणकुंबी किंवा रानालगतच्या कोणत्याही गावात हे झुडूप कुंपणाला किंवा बांधाला लावू नये आणि कुंडीतली मातीही रानाकडेला टाकू नये. पुढच्या हंगामासाठी बी हवे असेल तर पाच-सहा शेंगा तपकिरी होऊ लागताच त्यांवर मलमलीची छोटी पिशवी बांधावी, म्हणजे तडकल्यावर बिया पिशवीतच राहतात. बाकीच्या शेंगा हिरव्या असतानाच खुडून कचऱ्यात न टाकता चुलीत किंवा बंबात जाळाव्यात, मात्र तो धूर घरात कोंडू देऊ नये.